अक्राणी मतदारसंघ कुठे गेला?

गेल्या दौऱ्यात धडगावजवळच्या एका पाड्यावर एका वृद्ध बाबांनी पत्र्याच्या पेटीतून आपले जुने मतदार ओळखपत्र काढून माझ्या हाती दिले. त्यावर मतदारसंघाचे नाव होते अक्राणी. "भाऊ, या नावाचा आमदारच आता नाही म्हणतात. मग माझं मत गेलं का?" त्यांनी विचारले. हाच प्रश्न इतरांनाही पडतो, म्हणून येथे उत्तर देतो.

अक्राणी हा सातपुड्यातील तालुका. धडगाव हे त्याचे मुख्य गाव. याच नावाचा विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव होता. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तरी मतदारसंघ राहिला. कारण जिल्हा राज्य सरकार करते, मतदारसंघाच्या सीमा मात्र परिसीमन आयोग आखतो.

२००२ साली न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली असा आयोग नेमला गेला. त्याने २००१ च्या जनगणनेवरून सीमा नव्याने आखल्या. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहिल्या. आदिवासींसाठी राखीव जागा २२ वरून २५ झाल्या. अक्राणी आणि अक्कलकुवा हे तालुके आता 'अक्कलकुवा' या राखीव मतदारसंघात आहेत. राज्याच्या यादीत त्याचा क्रमांक १ आहे. २००४ ची निवडणूक अक्राणी नावाची शेवटची ठरली.

तेव्हा बाबांचे मत गेलेले नाही. मतदारसंघाचे नाव बदलले तरी हक्क जात नाही. मतदारयादीत नाव मात्र हवे. आम्ही यादी पाहिली. बाबांचे नाव होते, त्यांच्या दोन सुनांची नव्हती. दोघी ऊसतोडीला गुजरातेत होत्या. परत आल्यावर त्यांचे सहा नंबरचे फॉर्म भरायचे ठरले आहे.

खरी काळजी पुढची आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आधारे जागा पुन्हा ठरतील. राखीव जागांची संख्या आदिवासींच्या लोकसंख्येवर ठरते. २००१ आणि २०११ ची शिरगणती फेब्रुवारीत झाली, आणि तेव्हा ऊसतोड ऐन भरात असते. घराला कुलूप असले की ते कुटुंब आपल्या तालुक्यात मोजले जात नाही.

म्हणून वाचकहो, कामावर जाणाऱ्या प्रत्येक घराला दोन गोष्टी सांगा : यादीत नाव पाहा, आणि जिथे असाल तिथे गणनेत स्वतःला मोजून घ्या.