विहिरीवर पंप निवडताना

शेजाऱ्याने पाच अश्वशक्तीचा पंप घेतला म्हणून आपणही तोच घ्यावा, ही चूक बरेच शेतकरी करतात व जास्तीचे वीजबिल भरत बसतात. उन्हाळ्यातील पाणीपातळीपासून पाणी जेथे पडणार तेथपर्यंतची उभी उंची मोजावी. तीत पाईप, बेंड व फुटव्हॉल्व्ह यांतील घर्षण मिळवावे. समजा, एकूण उंची २० मीटर व गरज सेकंदाला ५ लिटर आहे. गुणाकार १०० येतो. त्यास ७५ ने आणि पंपाच्या कार्यक्षमतेने (०.५ धरल्यास) भागले की २.६७ येतात, म्हणजे ३ अश्वशक्तीचा पंप पुरतो.

खरा घोटाळा होतो तो शोषण बाजूस. सेंट्रिफ्युगल पंप पाण्यापासून ६ ते ७ मीटरपेक्षा उंच बसवू नये, नाहीतर ऐन उन्हाळ्यात तो पाणी सोडतो. पातळी खाली जाईल तसा पंप विहिरीतील टप्प्यावर उतरवावा. मात्र पावसाळ्यापूर्वी वर घेण्यास विसरू नये. शोषण पाईप डिलिव्हरीपेक्षा एक माप मोठा घ्यावा, बेंड कमीत कमी ठेवावेत, सांध्यातून हवा शिरू देऊ नये. फुटव्हॉल्व्ह गाळापासून वर ठेवावा. विहिरीत उतरण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. पातळी फारच खाली जात असल्यास पाणबुडी पंप बरा.