सिस्टर निघाली रानडे वाड्यातून

आचरा-मालवण पट्ट्यात आजाऱ्याच्या दारात नर्स आली की घरातल्यांच्या जिवात जीव येतो. ‘सिस्टर इली, आता काळजी नाय.’ शे-सव्वाशे वर्षांपूर्वी पांढरपेशा घरातल्या बाईने परक्या रुग्णाची शुश्रूषा करणं म्हणजे कुळाला बट्टा समजत, हे आज सांगूनही पटत नाही. ते मत बदलण्यात एका न्यायमूर्तींच्या पत्नीचा केवढा वाटा आहे, हे पाहिलं की थक्क व्हायला होतं.

रमाबाई रानडे. 1873 साली लग्न झालं तेव्हा वय 11, अक्षरओळखही नव्हती. महादेव गोविंद रानडे 31 वर्षांचे. त्यांनीच बायकोच्या हाती पाटी-पेन्सिल दिली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसत रमाबाई मराठी शिकल्या, मग इंग्रजी.

1901 मध्ये रानडे गेले. रमाबाईंनी अजून चाळिशीही गाठली नव्हती. विधवेने कोपरा धरून बसायचं, ही तेव्हाची रीत. रमाबाईंचं मोठं काम मात्र त्यानंतरचं! 1904 मध्ये मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. 1908 मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था काढली, तेव्हा अध्यक्षपद रमाबाईंकडेच आलं. पुढच्या वर्षी पुण्याचं सेवासदन त्यांनी सुरू केलं ते थेट आपल्या राहत्या वाड्यात.

सेवासदनने विधवांना दिलेलं नर्सिंगचं शिक्षण हे मला त्यातलं सगळ्यात धाडसाचं पाऊल वाटतं. ज्या विधवेचं समोर येणंही अशुभ मानत, तिने रुग्णाच्या उशाशी बसायचं, आणि त्यावर सन्मानाने पोट भरायचं! लोकांना हे सहजी पचलं नाही. एका समारंभात एक विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली आणि समोरच्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली. समारोपाला उठलेल्या रमाबाईंनी त्यांची चांगलीच खरडपट्टी काढली: दुःखी बहिणीशी असं वागणाऱ्यांना सुशिक्षित कोण म्हणेल?

तुरुंगातल्या बायकांना त्या नेमाने भेटायला जात, इस्पितळातल्या रुग्णांना फळं-फुलं नेत. आषाढी-कार्तिकीच्या गर्दीत आळंदीला सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन त्या वारकरी बायकांच्या मदतीला उभ्या राहत. 1924 मध्ये त्या गेल्या, तोवर पुण्यातल्या मुलींना सक्तीचं प्राथमिक शिक्षण मिळावं आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा, यासाठीही त्या झटल्या होत्या.