बांबूचें घर : टिकतें कसें व कुजतें कां

नारायणगांवच्या बाजूचे टोमॅटोचे मळे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना झाडांच्या आधारासाठीं रोंवलेल्या बांबूंच्या रांगा ठाऊक असतीलच. दोन-तीन हंगाम वापरलेली अशी एक काठी उपटून पाहावी. जमिनीवरचा भाग बहुधा निकोप असतो. मातींत गेलेलें टोंक मात्र काळें पडून मऊ झालेलें असतें. बांबूच्या घराविषयीं जें सांगावयाचें, त्याचा अर्धा भाग ह्या एका काठींत आहे.

बांबूचें घर म्हणजे गरिबाचें घर, चार पावसाळ्यांचा सोबती, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिमेकडील डोंगरांत बांबू व कारवी ह्यांचे कूड घालून, त्यांवर शेणामातीचा लेप देऊन घरें बांधीत आले. पण चार पैसे हातीं आले कीं पहिल्यानें जातो तो कूडच. ह्याबद्दल कोणास दोष देतां येत नाहीं. तथापि ह्याच जुन्नरच्या लेण्यांतील एका प्राचीन शिलालेखांत बांबूचें काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे व कांसारांच्या श्रेणीकडे धर्मादायाचा पैसा व्याजानें ठेविल्याची नोंद आहे. ज्यांच्या हातीं लोक विश्वासानें ठेव ठेवीत, त्यांचा धंदा त्या काळीं हलका खास नसावा! तेव्हां दोष बांबूचा कीं तो वापरण्याच्या रीतीचा, हें पाहणें योग्य होईल.

बांबू हें झाड नव्हे. तें गवत आहे, गहूं, ज्वारी व ऊस ह्यांचें भावंड. त्याचा कोंब पावसाळ्यांत वर येतो तो आपली पुरी जाडी घेऊनच येतो, व थोड्याच महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढें तो वाढत नाहीं, तीनएक वर्षें केवळ जून होत राहतो. म्हणून एकाच बेटांतून दरसाल जून बांबू काढावे, कोवळे राखावे, आणि बेट तसेंच नांदत राहावें, अशी सोय आहे. सागाच्या तुळईसाठीं एक पिढी थांबावें लागतें. सिमेंटसाठीं तर चुनखडी सुमारें 1450 अंश उष्णतेंत भाजावी लागते, व त्या भट्टींतून कार्बन डायऑक्साइड वायु मोठ्या प्रमाणांत हवेंत जातो. बांबू तोच वायु हवेंतून घेऊन वाढतो.

बांबूचे तंतु उभे धांवतात व सालीजवळ ते सर्वांत दाट असतात. पोकळ नळी आणि गांठीगांठींवर आडवा पडदा, ही रचना हलकी असून चिवट आहे. वजनाच्या मानानें पाहिल्यास ताण सोसण्यांत बांबू पोलादाच्या पंक्तीस बसतो. मात्र तो उभा चिरणें फार सोपें. खिळा ठोकला कीं फाटलाच. म्हणून जुने लोक दोरानें बांधीत. आज छिद्र पाडून बोल्ट घालतात व सांध्याच्या पेरांत सिमेंटचें पातळ मिश्रण ओततात.

आतां कुजण्याविषयीं. बांबूंत पिष्टद्रव्य असतें, व घुणाला हवें असतें तें तेंच. कोवळा बांबू, किंवा भर पावसाळ्यांत तोडलेला बांबू, म्हणजे घुणाला पानावर वाढून ठेवलेलें जेवण होय. तीन-चार वर्षांचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा. कित्येक ठिकाणीं तो मग कांहीं आठवडे ओढ्याच्या पाण्यांत बुडवून ठेवितात. त्यानें पिष्टद्रव्याचा अंश धुऊन जातो. ह्याहून खात्रीचा उपाय टांकणखार व बोरिक आम्ल ह्यांच्या द्रावणाचा. परंतु हे क्षार उघड्या पावसांत पुन्हां विरघळून जातात, म्हणून प्रक्रिया केलेल्या बांबूलाही छप्पर हवेंच.

प्रक्रियेवांचून मातींत पुरलेला बांबू दोनएक वर्षांत संपतो. तोच छपराखालीं व जमिनीपासून अलग ठेविल्यास चार ते सात वर्षें टिकतो, आणि प्रक्रिया केल्यास ह्याहून पुष्कळच अधिक. भीमाशंकरापासून नाणेघाटापर्यंतच्या पावसांत ह्याचा अर्थ एकच : दगडी जोतें उंच घ्यावें, खांब जोत्यावर उभा करावा, मातींत नव्हे, आणि वळचण भिंतीपासून चांगली पुढें काढावी. शुभवर्तमानांतील शहाण्या मनुष्यानें घर खडकावर बांधलें. बांबूच्या घराला तो दृष्टांत अक्षरशः लागू पडतो.

बांबूविषयीं भलताच दावा करणेंही बरें नव्हे. 30 जुलै 2014 रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव कड्याखालीं गाडलें जाऊन दीडशेंच्या सुमारास माणसें दगावलीं. बांबूचीं मुळें वरची माती बांधून ठेवितात, पण अख्खा डोंगर सुटूं लागल्यावर तीं काय करणार? घर कोठें बांधावें, हा प्रश्न तें कशाचें बांधावें ह्याच्या आधीं येतो.

राहिली कायद्याची गोष्ट. 1927 च्या वन-कायद्यानें बांबूस झाड ठरविलें होतें. 2006 च्या वनहक्क कायद्यानें तो गौण वनोपज ठरला, व त्याच्या आधारें गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या गांवास 2011 सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. 2017 सालच्या दुरुस्तीनें वनाबाहेरील बांबू झाडांच्या व्याख्येंतून वगळण्यांत आला, आणि शेतकऱ्याच्या बांधावरील बेटाची मोठी अडचण दूर झाली. असें बेट लाविल्यापासून पहिली तोड यावयास चार-पांच वर्षें लागतात. म्हणजे आज पांचवींत असलेल्या मुलानें लाविलेलें बेट तो दहावींत जाईल तोंवर वासे देऊं लागेल.