‘नारी’ : भोसरीची एड्स संशोधन संस्था

पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांच्या शेजारी, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ती ऑक्टोबर १९९२ मध्ये स्थापन केली. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नारी’ म्हणतात आणि पुण्यात ती याच नावाने ओळखली जाते. तिचे एक मोठे संशोधन स्त्रियांविषयीचे ठरले, त्यामुळे हे नाव तिला शोभूनही दिसले. अलीकडे संस्थेचे नाव बदलून ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च’ असे झाले आहे. तरी जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘नारी’च आहे.

भारतात एचआयव्हीचा संसर्ग पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत उघडकीस आला. तो शोधणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. पुढे त्यांनी वडिलांच्या नावाने ‘वाय. आर. गायतोंडे’ केंद्र काढले. ते केंद्र आणि पुण्याची ‘नारी’ यांची नावे जागतिक संशोधनात पुढे एकत्र आली. संसर्ग उघडकीस आला त्या काळी हा आजार परदेशाचा, फार तर मुंबईच्या काही वस्त्यांचा, असे मानले जाई. संसर्ग महाराष्ट्रात किती पसरला आहे, कोणाला होतो आहे आणि किती वेगाने, या प्रश्नांची उत्तरे कोणाकडे नव्हती. ती शोधण्यासाठी संस्थेने सुरुवात प्रयोगशाळेऐवजी दवाखान्यापासून केली. पुण्यातील गुप्तरोगांच्या बाह्यरुग्ण विभागांत, गाडीखान्यातील महापालिकेच्या कोटणीस दवाखान्यासारख्या ठिकाणी, ‘नारी’चे डॉक्टर आणि समुपदेशक बसू लागले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे संशोधक त्यांच्या सोबतीला होते.

या दवाखान्यांत येणाऱ्यांची संमती घेऊन रक्त तपासले जाई. ज्यांना संसर्ग नव्हता त्यांना ठरावीक काळाने पुन्हा बोलावत. एकदाच तपासल्यावर आज किती जण बाधित आहेत एवढेच कळते. वर्षभरात नव्याने किती जण बाधित झाले हे मात्र त्याच माणसांना पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय कळत नाही. साथ वाढते आहे की ओसरते आहे, हे दुसऱ्या आकड्यावरूनच ठरते. तो आकडा मिळवायचा तर माणसे परत यायला हवीत, आणि माणसे परत येतात ती विश्वासावर. गुप्तरोगाच्या दवाखान्याची पायरी चढणेच ज्या समाजात अवघड, तिथे तोच माणूस तीन महिन्यांनी पुन्हा येतो, याचे श्रेय समुपदेशकांचे. शोधनिबंधात त्यांच्यासाठी फारशी जागा नसते.

या कामातून १९९७ मध्ये डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा निबंध अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या स्त्रियांचा तो अभ्यास होता. त्यांपैकी ३९१ स्त्रियांचा देहविक्रयाशी काही संबंध नव्हता. बहुतेक विवाहित होत्या, नवऱ्याखेरीज कोणाशी संबंध नसलेल्या. त्यांच्यात एचआयव्ही बाधितांचे प्रमाण १३.६ टक्के निघाले. नवऱ्याशी असलेला संबंध हीच त्यांच्यापुढची मुख्य जोखीम होती.

या एका आकड्याने सरकारी धोरणाचा पाया हलवला. तोपर्यंतचा प्रचार ‘जोखमीचे वर्तन’ या शब्दांभोवती फिरत होता. ज्या बाईच्या वागण्यात जोखीम अशी काहीच नाही, तिला त्या प्रचारात जागा नव्हती. नवऱ्याच्या मृत्यूनंतर सासरी ‘हिनेच आणला’ म्हणून बोलणी खाणाऱ्या विधवा महाराष्ट्राच्या अनेक तालुक्यांत होत्या. त्यांच्या बाजूने बोलणारा शास्त्रीय पुरावा पुण्याने दिला. ‘नारी’ने दुसरे काहीच केले नसते, तरी एवढ्यावर तिचे अस्तित्व सार्थ ठरले असते. डॉ. गंगाखेडकरांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. कोविडच्या सुरुवातीच्या दिवसांत आयसीएमआरच्या वतीने दूरचित्रवाणीवर बोलताना अनेकांनी त्यांना पाहिले. त्यांच्या कामाची मुळे मात्र या जुन्या दवाखान्यांत आहेत.

विषाणू शरीरात काय करतो, हे समजले म्हणजे पुढचे संशोधन समजते. रक्तातील पांढऱ्या पेशींत सीडी-फोर नावाच्या पेशी असतात. रोगजंतू आला की बाकीच्या संरक्षक पेशींना कामाला लावणे हे त्यांचे काम. एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो. स्वतःच्या आरएनएवरून तो डीएनए तयार करतो, पेशीच्या गुणसूत्रांत तो घुसवतो आणि मग ती पेशीच विषाणूंचा कारखाना बनते. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण पाचशेच्या वर असतात. त्या दोनशेच्या खाली गेल्या की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही जीव घेऊ लागतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. भारतात बहुतांश संसर्ग या विषाणूच्या ‘सी’ उपप्रकाराचा आहे. युरोप-अमेरिकेत ‘बी’ उपप्रकार अधिक. तिकडची औषधे, चाचण्या आणि लसी इथे तशाच लागू पडतील असे गृहीत धरता येत नव्हते. पुण्यात प्रयोगशाळा असणे गरजेचे होते, ते यामुळे.

भारतात एचआयव्हीच्या लसीची पहिली मानवी चाचणी ७ फेब्रुवारी २००५ रोजी ‘नारी’त सुरू झाली. लस ‘सी’ उपप्रकारावर आधारित होती. एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचातून एचआयव्हीची काही जनुके शरीरात सोडायची, अशी तिची रचना होती. या जनुकांपासून पूर्ण विषाणू बनू शकत नाही, त्यामुळे लसीतून संसर्ग होण्याची भीती नव्हती. पुण्यातील तीस निरोगी स्त्री-पुरुषांनी ती टोचून घेतली. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत लस निर्धोक आहे का आणि तिने प्रतिकारशक्ती जागते का, एवढेच पाहायचे असते. लस निर्धोक ठरली, पण प्रतिसाद फार क्षीण आला. पुढे २००९ मध्ये पुणे आणि चेन्नई या दोन्ही ठिकाणी दोन वेगळ्या लसी एकापाठोपाठ देण्याची चाचणी झाली. एचआयव्हीवर परिणामकारक लस जगात अजून कोणालाही साधलेली नाही. पण चाचणीला होकार देण्यापूर्वी माणसाला काय सांगायचे, किती वेळ द्यायचा, त्याला खरोखर समजले आहे की नाही हे कसे तपासायचे, याची पद्धत पुण्यात या तीस जणांबरोबर बसली. संसर्ग टाळण्यासाठी स्त्रियांना स्वतः वापरता येईल अशा, टेनोफोव्हिर या औषधाच्या जेलच्या चाचणीतही पुणे हे न्यूयॉर्क आणि बर्मिंगहॅमबरोबरचे तिसरे केंद्र होते.

मूल जन्मताना किंवा अंगावर पिताना आईकडून त्याला संसर्ग होऊ शकतो. याविषयीचे मोठे काम पुण्यातच, पण बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयात झाले. बाळाला नेव्हिरापिन या औषधाचा एकच डोस द्यायचा की सहा आठवडे रोज थोडे औषध पाजायचे, हा प्रश्न होता. पुणे, इथिओपिया आणि युगांडा येथील चाचण्यांचे एकत्रित निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सहा आठवड्यांच्या वयाला एका डोसच्या गटात ५.३ टक्के बाळे बाधित होती. रोज औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण २.५ टक्के होते. सहा महिन्यांपर्यंत मात्र हा फायदा बराच पुसट झाला, कारण औषध थांबले तरी अंगावरचे दूध चालूच राहिले. वरचे दूध द्या, असे सांगणे सोपे होते, पण जिथे पाणी उकळण्याची सोय नाही तिथे बाळ जुलाबाने दगावण्याचा धोका होता. उपाय आईच्याच उपचारात होता. २०१४ पासून भारतात प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला आजन्म तिहेरी औषधे देण्याचे धोरण आले, ते अशा पुराव्यांच्या वाटेनेच.

यानंतरची चाचणी ‘नारी’च्या इतिहासातील एक मोठी चाचणी. तिचे नाव एचपीटीएन ०५२. नऊ देशांतील १,७६३ जोडपी तिच्यात होती, आणि प्रत्येक जोडप्यात एकाला संसर्ग होता, दुसऱ्याला नव्हता. भारतातून पुण्याची ‘नारी’ आणि चेन्नईचे गायतोंडे केंद्र सहभागी होते. बाधित जोडीदाराचा सीडी-फोर ३५० ते ५५० असताना निम्म्या जोडप्यांत औषध ताबडतोब सुरू केले. उरलेल्यांत, त्या वेळच्या प्रघाताप्रमाणे, आकडा २५० पर्यंत उतरण्याची किंवा आजार दिसण्याची वाट पाहिली. सर्वांना निरोध आणि समुपदेशन मिळत होते. एप्रिल २०११ मध्ये देखरेख समितीने आकडे उघडले. जोडीदाराकडूनच झाल्याचे विषाणूच्या जनुकांवरून सिद्ध झालेले २८ संसर्ग होते. त्यांपैकी २७ थांबलेल्या गटात होते आणि ताबडतोब औषध घेणाऱ्या गटात केवळ एक. संसर्गात ९६ टक्के घट. निष्कर्ष लगेच जाहीर झाले आणि सर्वांना औषध देण्यात आले. ‘सायन्स’ नियतकालिकाने त्या वर्षीची सर्वांत मोठी वैज्ञानिक घडामोड म्हणून याच चाचणीची निवड केली.

रक्तातील विषाणू औषधाने इतके कमी होतात की दुसऱ्याला लागण होण्याइतके उरत नाहीत. म्हणजे रुग्णाचा उपचार हाच त्याच्या जोडीदाराचा बचाव. यामुळे उपचार लवकर सुरू करण्याच्या बाजूला मोठे बळ मिळाले. भारतात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधोपचार, १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, तेव्हा सीडी-फोर दोनशेच्या खाली गेल्यावरच गोळ्या मिळत. मग ही मर्यादा ३५० झाली, ५०० झाली आणि २०१७ मध्ये ती काढूनच टाकली. तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली की उपचार सुरू.

हे परवडू शकले त्याचे एक कारण मुंबईत आहे. तिहेरी औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर असताना सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये ती ३५० डॉलरला देऊ केली. डॉ. युसुफ हमीद यांच्या त्या घोषणेनंतर जगभर किमती कोसळल्या. संशोधनाने मार्ग दाखवला तरी गोळी स्वस्त झाल्याखेरीज तो गावापर्यंत पोचत नाही.

औषध सुरू झाल्यावरही एक अडचण उभी राहते आणि तिच्यामुळे अनेक जण गोळ्या सोडतात. सीडी-फोर वाढू लागले की शरीर नव्याने जागे होते. आत दडून बसलेल्या क्षयाच्या जंतूंवर ते एकदम तुटून पडते. ताप येतो, मानेच्या गाठी सुजतात, खोकला वाढतो. रुग्णाला वाटते, गोळ्यांनीच बिघडले. प्रत्यक्षात ही सावरणाऱ्या प्रतिकारशक्तीची अतिरेकी प्रतिक्रिया असते. एआरटी न थांबवता तिच्यावर उपचार होतात, गरज पडल्यास स्टेरॉइड देतात. म्हणून क्षय असेल तर आधी क्षयाची औषधे आणि काही आठवड्यांत एआरटी, असा क्रम ठेवतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय असल्यास अधिक थांबतात. क्षयावरचे रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवते आणि एआरटीतील काही औषधे रक्तातून लवकर संपवते. त्यांपैकी डोल्युटेग्राविर एरवी दिवसातून एकदा पुरते, पण रिफॅम्पिसिनबरोबर ते दोनदा घ्यावे लागते. भारतात एचआयव्हीबाधितांचे सर्वाधिक मृत्यू क्षयाने होतात, म्हणून हा तपशील फार मोलाचा.

‘नारी’चे एक काम चाचण्यांइतके गाजत नाही. तपासणी केंद्रांचे निकाल बिनचूक आहेत का, हे पाहणाऱ्या राष्ट्रीय साखळीत ती शिखर प्रयोगशाळा आहे. उत्तर आधीच ठाऊक असलेले नमुने खालच्या प्रयोगशाळांकडे पाठवून त्यांचे निकाल ताडून पाहिले जातात. पश्चिम भारतातील एचआयव्हीच्या नियमित सर्वेक्षणाची प्रादेशिक जबाबदारीही तिच्याकडे आहे. गरोदर स्त्रियांच्या नमुन्यांवरून जिल्ह्याजिल्ह्याचा अंदाज बांधला जातो, तो या यंत्रणेतून.

या सगळ्याचे फळ पुण्याबाहेर दिसते. पुण्याहून पालखीमार्गाने निघाले की सासवड, लोणंद, फलटण, नातेपुते ओलांडून माळशिरस येते. पुढे वेळापूर आणि पंढरपूर. याच पंढरपुरात मंगलताई शहा यांच्या प्रभा-हिरा प्रतिष्ठानने २००१ पासून ‘पालवी’ चालवली आहे. नातलगांनी टाकलेली एचआयव्हीबाधित मुले तिथे वाढली. मोफत औषध येण्याआधी अशा मुलांच्या आयुष्याची मोजदाद महिन्यांत होई. आज त्यांच्यातली मुले शिकून मोठी झालेली दिसतात.

याच वाटेवरच्या माळशिरस तालुक्यातील माणूस आज तपासणीला गेला तर बोटाच्या किंवा शिरेच्या थोड्या रक्तावर पहिली चाचणी होते. ती ‘पॉझिटिव्ह’ आली तर वेगळ्या तत्त्वांवरच्या आणखी दोन चाचण्या होतात. तिन्ही जुळल्यावरच निदान सांगतात. संसर्ग अगदी ताजा असेल तर चाचणीत दिसत नाही, म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. मग टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर एकत्र असलेली एक गोळी दिवसातून एकदा. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने संमतीशिवाय तपासणी करणे, निदान उघड करणे आणि त्यावरून नोकरी, शाळा किंवा उपचार नाकारणे यांना बंदी आहे. तपासणी आणि गोळ्या दोन्ही सरकारी केंद्रांत मोफत आहेत. शंका असणाऱ्याने १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करावा आणि लग्न ठरलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी व क्षयाचे निदान झालेल्या प्रत्येकाने ही तपासणी करून घ्यावी.