काट्यावरचा आकडा ऑफिसात कसा पोहोचतो?

गेल्या गाळप हंगामात एका सकाळी काट्यावर गाड्या तटल्या. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग केन यार्ड ओलांडून थेट डांबरी रस्त्याला लागली. टायरगाड्यांचे बैल उन्हात उभे. काट्यावरचा कारकून म्हणे, "नेटवर्क गेलंय." शेतकी खात्यात विचारावे, तर तिथेही तेच. रांगेतले एक ज्येष्ठ सभासद मोठ्याने म्हणाले, "नेटवर्क गेलं म्हणजे आता वजन मारलं समजा!"

तोडलेला ऊस जितका वेळ उभा राहील तितका वाळतो, वजनात तूट येते, साखर उताराही घसरतो. हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा त्यांचा राग खोटा नव्हता. शंका मात्र चुकीच्या जागी होती.

दीडएक तासाने कारण सापडले. हिशेब खात्यात झाडलोट करताना एका होतकरू मुलाला एक तार लोंबताना दिसली. बिचाऱ्याने चांगल्या हेतूने तिचे मोकळे टोक भिंतीवरच्या डबीत खोचले. दुसरे टोक आधीपासून त्याच डबीत होते! हातभर तारेने आख्खी गव्हाण थांबवली. असे का व्हावे, हे आम्ही संगणक विभागातील मंडळींना खोदखोदून विचारले. त्यांनी कपाटे उघडून जे दाखवले ते सभासद बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

गाडी काट्यावर चढते तेव्हा खालचे लोडसेल किंचित दबतात. डोळ्यांना दिसणारही नाही इतके. त्या दाबावरून इंडिकेटर वजनाचा आकडा दाखवतो आणि तो आकडा एका वायरीने शेजारच्या संगणकात उतरतो. इथपर्यंत नेटवर्कचा काही संबंध नाही. नेटवर्क सुरू होते ते या संगणकाच्या पाठीमागून निघणाऱ्या तारेपासून.

ही तार ज्या खाचेत बसते तिथे आत एक नेटवर्क कार्ड असते. प्रत्येक कार्डाला तयार होतानाच एक क्रमांक मिळतो, अंक आणि इंग्रजी अक्षरे मिळून बारा खुणांचा. आपला जसा सभासद क्रमांक, तसा हा यंत्राचा.

तार सोलून पाहिली तर आत आठ बारीक वायरी, दोन-दोनचा पीळ घातलेल्या. पीळ शोभेसाठी नाही. मिलच्या मोटारी आणि वीजवाहक केबली जवळ असल्या की त्यांचा उपद्रव शेजारच्या तारेत उतरतो. पिळामुळे तो दोन्ही वायरींवर सारखाच पडतो आणि पलीकडच्या टोकाला वजा होतो. मात्र या तांब्याच्या तारेची मर्यादा 100 मीटर. आपला काटा ऑफिसपासून त्याहून लांब. म्हणून मधले अंतर फायबरने, म्हणजे केसासारख्या बारीक काचेच्या धाग्याने जोडले आहे. त्यात वीज नाही, प्रकाश धावतो. वळवाच्या पावसात काट्यावर वीज पडली तरी काचेतून ती ऑफिसपर्यंत येत नाही, हा दुसरा फायदा. दोन्ही टोकांना प्रकाशाची वीज आणि विजेचा प्रकाश करणारी छोटी डबी असते, तिला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात.

आता मुख्य डबी. पूर्वी हब नावाची डबी वापरीत. हब म्हणजे गावची दवंडी. निरोप एकाचा असो, ऐकायचा सगळ्यांनी, आणि दोघे एकदम बोलले की गोंगाट. हबच्या जागी स्विच आला. स्विच म्हणजे पोस्टमन. कोणत्या खाचेत कोणता बारा खुणांचा क्रमांक बसला आहे, हे तो येणाऱ्या प्रत्येक निरोपावरचे पाठवणाऱ्याचे नाव वाचून आपोआप शिकतो, आणि मग ज्याचे त्यालाच देतो. ज्याचा पत्ता अजून कळलेला नाही त्याच्यासाठी मात्र सगळ्या दारांवर हाक मारतो. मूळ इथरनेटची कल्पना अमेरिकेत झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 1973 साली निघाली. पण पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला 1990 साली कॅलिफोर्नियातल्या एका लहान कंपनीने, आणि त्या कंपनीचे नाव होते चक्क 'कल्पना'! तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. हे कळल्यावर त्या कपाटाकडे आम्ही जरा आपुलकीने पाहिले, हे कबूल करतो.

तर त्या सकाळी काय झाले? काही निरोप "सर्वांसाठी" असतात. असा निरोप स्विचने सगळ्या खाचांतून सोडला. त्यातली एक खाच तारेने त्याच स्विचला परत जोडलेली. निरोप फिरून आत आला, स्विचने तो नवा समजून पुन्हा सगळीकडे सोडला. पाटाचे पाणी चारीतून निघून परत पाटालाच मिळाले तर दुसऱ्या कोणाला पाळी मिळणार? या निरोपांना थकून थांबायची सोय नाही. काही क्षणांत घिरट्या घालणाऱ्या निरोपांनी सर्व तारा तुडुंब भरल्या आणि काट्याच्या पावतीला वाट उरली नाही. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी 1985 साली शोधला आहे. स्विच आपापसांत बोलून फेरा ओळखतात आणि एक वाट आपणहून बंद ठेवतात. पण अगदी स्वस्त स्विचमध्ये ही सोय नसते आणि आपल्या हिशेब खात्यातला तसलाच होता. चार पैसे वाचवायला गेलो आणि तास गमावले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारखान्याबाहेर जायचे तर राउटर लागतो. स्विचला फक्त आपली वस्ती माहीत. राउटर म्हणजे तालुक्याचे पोस्ट. तो पिनकोड पाहावा तसा पत्ता पाहून ठरवतो, की हे बँकेकडे, हे पुण्याला साखर आयुक्तालयाकडे. तुमच्या मोबाईलवर वजनाचा मेसेज येतो तो याच दाराने बाहेर पडून. एके काळी हे दार म्हणजे मोडेम होते, संगणकाची भाषा टेलिफोनच्या आवाजात बदलणारा दुभाषा. वारणानगरला 1998 साली कोल्हापूर-सांगलीतली 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प निघाला. ऊसनोंद, तोडणी, वजन याची माहिती गावातच मिळावी हा त्याचा हेतू. पुढे 2007 च्या सुमारास तिथेच काही गावांत संगणकाऐवजी साध्या एसएमएसवर तेच काम करून पाहण्यात आले.

आता "वजन मारलं" या शंकेबद्दल. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी तपासणीचा एक आकडा जोडलेला असतो. पलीकडचे यंत्र तो स्वतः मांडून पाहते. जुळला नाही तर निरोप टाकून देते आणि तो परत मागवला जातो. म्हणजे तारेत 12 टनाचे 11 टन होऊन पोहोचत नाही. पोहोचला तर तोच आकडा, नाहीतर काहीच नाही. शंका घ्यायचीच असेल तर ती काट्यावर घ्यावी. इंडिकेटरचा आकडा आणि पावतीचा आकडा ताडून पाहावा, रिकाम्या गाडीचे वजन आपल्यासमोर करवून घ्यावे, वैधमापन खात्याचा शिक्का कोणत्या तारखेचा आहे ते विचारावे. तो सभासदाचा हक्क आहे. ज्याच्या हातात संगणक आहे त्याच्यावर नजर ठेवायचे काम डबी करीत नाही.

हिशेब खात्यातला स्विच बदलून फेरा ओळखणारा बसवला आहे, आणि कपाटाला कुलूप घातले आहे. दुसरी एक चूक याच पाहणीत उघडी पडली. काट्याच्या संगणकाला बॅटरी होती, पण त्याशेजारची डबी साध्या प्लगवर! वीज जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत संगणक जागा आणि डबी झोपलेली. आता तीही बॅटरीवर घेतली आहे.

राहता राहिला काट्याच्या खोलीतला प्लग. गाडी रांगेत असताना मोबाईल चार्ज करायला तिथला एक प्लग काढून आपला लावण्याची पद्धत पडली आहे. बहुतेक वेळा काढला जातो तो डबीचाच. चार्जिंगसाठी वॉचमनच्या चौकीत वेगळा बोर्ड बसवला आहे, तो वापरावा.