स्पर्धेच्या बाजारात सहकार
मुक्त स्पर्धा हे अर्थव्यवहाराचे नियामक तत्त्व होऊ शकत नाही, असे पोप अकरावे पायस यांनी १९३१ च्या परिपत्रकात बजावले होते. स्पेनच्या बास्क प्रदेशातील मोंद्रागॉन येथे फादर आरिझमेंदिआरिएता यांनी सहकाराचा विचार प्रत्यक्षात उतरविला. त्यांनी १९४३ मध्ये तंत्रशाळा काढली; तिच्या पाच माजी विद्यार्थ्यांनी १९५६ मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे कामगारांच्याच मालकीचा झाला. भांडवल कितीही असो, सभासदास मत एकच. बाजारातील स्पर्धा मात्र चुकली नाही. २०१३ मध्ये समूहातील फागोर ही गृहोपयोगी उपकरणांची संस्था बुडाली. सारे नुकसान भरून निघाले नाही. तथापि भगिनी संस्थांनी तिच्या अनेक कामगार-सभासदांना सामावून घेतले. सहकाराची खरी कसोटी अशा पडत्या काळातच लागते.