चिको : वणव्याच्या शेजारचे विद्यापीठ

उत्तर कॅलिफोर्नियातले चिको हे बदाम-अक्रोडाच्या बागांनी वेढलेले गाव. गावाच्या ऐन मध्यावर ‘चिको स्टेट’ विद्यापीठ आहे आणि त्याच्या आवारातूनच बिग चिको क्रीक हा ओढा वाहतो. मुळात ही भूमी मेचूप्डा या आदिवासींची. पुढे जॉन आणि ॲनी बिडवेल या दांपत्याने आपल्या चेरीच्या बागेतली आठ एकर जागा शिक्षक घडवणाऱ्या शाळेसाठी दिली आणि १८८७ साली संस्था उभी राहिली. गावाच्या पूर्वेला डोंगर सुरू होतात. त्या चढावर, पंचवीसेक किलोमीटरवर, पॅराडाइज आहे.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास फेदर नदीच्या दरीत पीजी अँड ई या कंपनीच्या वीजवाहिनीचा एक जुनाट, झिजलेला हुक तुटला. पाऊस लांबला होता, गवत कोरडेठाक होते, वारा सुसाट. काही तासांत सुमारे सव्वीस हजार वस्तीचे पॅराडाइज जवळजवळ पुसले गेले. ८५ माणसे दगावली, १८ हजारांहून अधिक बांधकामे भस्मसात झाली. ‘कॅम्प फायर’ या नावाने हा वणवा ओळखला जातो.

वाचलेले लोक चिकोकडे धावले. विद्यापीठाचे विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी मिळून तीनशेच्या आसपास लोकांची घरे गेली होती. विद्यापीठाच्या तत्कालीन अध्यक्ष गेल हचिन्सन यांच्यासाठी हा अत्यंत कठीण काळ होता. धुराने हवा श्वास घेण्याजोगी राहिली नव्हती. वर्ग थेट २६ नोव्हेंबरला पुन्हा भरले. दरम्यान ‘वाइल्डकॅट्स राइज’ हा मदतनिधी उभा राहिला आणि घर गमावलेल्यांना त्यातून आधार मिळाला.

पण पैसा कुणीही गोळा करू शकतो. चिको स्टेटने जे दिले ते सहजी दुसरीकडे मिळाले नसते. विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात मानवी अवशेष ओळखणारी प्रयोगशाळा आहे. बेपत्ता माणसांच्या यादीत एका टप्प्यावर हजारावर नावे होती, आणि इतक्या प्रखर आगीनंतर माणसाचे म्हणून जे उरते ते बहुधा हाडांचे ठिसूळ तुकडे असतात. भिंतींचा चुरा, छपराचे अवशेष, पाळीव जनावरांची हाडे, सगळे एकाच राखाडी रंगाचे. त्यातून माणसाचे हाड नेमके ओळखायला तयार नजर लागते. शोधपथकांसोबत या प्रयोगशाळेचे अभ्यासक, त्यांचे आजी-माजी विद्यार्थी घराघराच्या राखेत उतरले. सापडलेला तुकडा माणसाचा की नाही हे जागेवरच सांगितले जाई, मग डीएनए चाचणीने नाव जुळवण्याचा प्रयत्न होई. आपले माणूस गेले हे निश्चित कळणे, त्याचे अवशेष हाती येणे, यासाठी ताटकळणाऱ्या कुटुंबांची याहून मोठी सेवा कोणती असू शकते? २०२३ मध्ये हवाईतले लहैना जळाले तेव्हाही चिकोच्या तज्ज्ञांना तिथे जावे लागले.

विद्यापीठाकडे आणखी एक ठेवा आहे : गावाबाहेरच्या डोंगरदरीतले हजारो एकरांचे राखीव रान. पालापाचोळा आणि झुडपे साचू नयेत म्हणून योग्य हवामान पाहून तिथे ठरवून, मर्यादित आग लावली जाते आणि विद्यार्थ्यांना ते काम प्रत्यक्ष शिकवले जाते. आगीची ही समज इथल्या आदिवासींकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. मधल्या काळात सरकारी धोरणाने ती दाबून टाकली, आणि त्याची किंमत आजची गावे मोजत आहेत.

२४ जुलै २०२४ रोजी चिकोतल्याच बिडवेल पार्कमध्ये सुरू झालेल्या ‘पार्क फायर’ने सव्वाचार लाख एकरांहून अधिक प्रदेश जाळला. विद्यापीठाच्या रानाचा बहुतेक भागही त्यात होरपळला. म्हणून ठरवून आग लावण्याचे ते शिक्षण वाया गेले असे मुळीच नाही. उलट, आगीच्या पट्ट्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने चिकोकडून आधी हेच घ्यावे.